अण्णांनी पुन्हा खोललेलं मशीन

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. मुख्याध्यापक शिपायाला न पाठवता स्वतः दारात आले, तिथंच काय ते कळलं. घनसावंगीच्या स्टँडवर अंबडची जीप भरेपर्यंत जो वेळ गेला तो अजून आठवतो... ड्रायव्हरला मी उगाचच बोलले. थांबणं मला जमतच नाही. अण्णांचं नेमकं उलटं. त्यांना घाई कधी शिवली नाही, आणि त्यावरून मी त्यांना जन्मभर टोचून बोलत आले. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

अण्णा माझे थोरले भाऊ, अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर. डी.एड.ची दोन वर्षं मी त्यांच्याकडे, वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहिले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वहिनी नळावर घसरून पडल्या होत्या. उजव्या मनगटाचं हाड जुळलं, पण वाकडं. भाकरी कशीबशी थापता यायची, कपडा मात्र पिळता येईना. मग अण्णाच ड्युटीच्या आधी बादली घेऊन नळावर जायचे. वहिनींची लुगडीसुद्धा धुवायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. अण्णांना त्याचं काही वाटत नसे, पण वहिनी दार लोटून आत बसून राहायच्या. मी आल्यावर धुणं माझ्याकडे आलं, तर त्यांना ते आणखीच लागलं. "नणंदेनं माझं लुगडं धुवावं, येवढी का लुळी झाले मी?" म्हणायच्या. आपल्या घरचं धुणं आपल्या हातून व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

अशात अण्णा बेअरिंग शोधायला जालन्याच्या भंगारवाल्यांकडे गेले आणि टेम्पोत एक धुण्याचं मशीन घालून आले. कुण्या डॉक्टरांच्या बंगल्यातलं, परदेशी, माझ्याहून वयानं मोठं. पत्र्याचा पांढरा चौकोनी डबा, तळाला गंज, आणि वर रबराचे दोन रोलर. ओला कपडा त्यांच्यात घालायचा, कडेचा दांडा फिरवायचा, की पाणी खाली आणि पिळलेला कपडा पलीकडे. अण्णा भलतेच खूश. "ह्यो तर आपला उसाचा चरकच हाय की, सुमे!"

मोटर त्यांनी आठवड्यात फिरती केली. गंज खरवडला, तळाला नवा पत्रा मारला, रंग दिला. तेवढ्यात गळीत हंगाम लागला आणि अण्णा घरी फक्त झोपायला येऊ लागले. मशीन व्हरांड्यात पोत्याखाली, आणि मी नळावर. होळीनंतर एकदाची चाचणी झाली. शेजारपाजारचे जमले. अण्णांनी रोलर उसाच्या अंदाजानं आवळले होते. त्यांच्याच सदऱ्याची सगळी बटणं कडकड फुटली! वहिनी इतक्या हसल्या... पडल्यापासून पहिल्यांदाच. रोलर सैल केल्यावर दुसरा सदरा छान निघाला. मग वहिनी पुढे झाल्या, त्यांनी दांड्याला हात घातला, दोन-तीनदा ओढून पाहिला, आणि चहा ठेवते म्हणत आत गेल्या. मला वाटलं, लोकांपुढे लाजल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन पाहते तर मशीन पुन्हा खोललेलं. माझं डोकंच फिरलं.

"चालू मशीन कुणी खोलतं व्हय?"

"थोडं काम करून राह्यलो. जल्दी केली की बराबर बसत न्हाई."

"तुमाला खेळणं मिळालंय. बायकोच्या दुखण्यावर हौस भागवून घेताय तुमी!"

अण्णा पान्यानं नट सोडवत राहिले. परीक्षा झाली, मी तिथून निघाले. मग नोकरी, लग्न. मशीन सुरू झाल्याचं पत्रातून कळलं. पुढे अण्णांनी अंबडला घर बांधलं, तिथं ते मोरीशेजारी बसलं. मी गेले की वहिनी धुण्याला हात लावू देत नसत, माहेरवाशीण ना मी. त्या बोलण्याची माफी मी कधी मागितली नाही. खरं तर विसरूनच गेले होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. चादरींचा हा एवढा ढीग पडला होता. वहिनी जरा आडव्या झालेल्या, म्हणून मीच मशीन लावलं. पहिली चादर रोलरमध्ये सरकवली आणि दांडा धरायला उजवा हात पुढे केला, तर तिथं दांडाच नव्हता. तो डाव्या बाजूला होता. डाव्या हातानं फिरवायला गेले तर जमेना, चादर वेडीवाकडी होऊन अडकली.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. "सरक. ते माझ्या हाताचं हाय."

त्यांनी चादर सोडवली, सरळ केली आणि डाव्या हातानं दांडा सहज फिरवू लागल्या.

"पहिले उजवीकडंच व्हता," त्या म्हणाल्या. "त्या दिशी माझा हात चालला न्हाई ते ह्यांनी बघितल्तं. हिकडं आणायचा तर आतला रॉडच नवा लागत व्हता. जालन्याहून लेथवर करून आणला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला."

"मला कधीच बोलले न्हाईत?"

"तू कुठं इचारलंस?"

त्यात टोमणा नव्हता. पण अण्णा गेल्यापासून न आलेलं रडू मला तिथं आलं, आणि ते आवरेना. वहिनींनी मला रडू दिलं, दांडा थांबवला नाही. जरा वेळानं मी पलीकडे जाऊन चादरीची टोकं धरली. ढीग मोठा होता, संपायला दुपार झाली. वहिनींनी मला दांड्याला एकदाही हात लावू दिला नाही.