चमचाभर विरजण

प्रयोगाच्या वहीत आकडे राहतात. किस्से मात्र मळीच्या वासासारखे, शर्ट कितीदाही धुवा, जात नाहीत! माझ्याकडचे बहुतेक साठले कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात, एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास. डिस्टिलरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी प्रयोगशाळा होती. मळीपासून अल्कोहोल होतंच. त्या अल्कोहोलपासून प्लॅस्टिकसाठी लागणारा वायू काढायचा होता. त्याला हवा कॅटलिस्ट, आणि तो बनवणं माझं काम.

*

ऊस घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने आत डोकावून विचारलं, "हितं काय करता?"

मी ऐटीत सांगितलं, "दारूचा वायू करतो."

तो बिचारा कळवळला. "आरारा! हातातोंडाशी आलेली हवेत सोडता व्हय?"

*

शेडमध्ये माझ्या मदतीला गेनूभाऊ. पन्नाशीचे, हात अगदी स्वच्छ आणि कान तिखट. एकदा त्यांनी विचारलं, "सायेब, ह्यो कॅटलिस्ट म्हंजी काय?"

"जो दुसऱ्यांकडून काम करवून घेतो, पण स्वतः झिजत नाही."

"म्हंजी आपले चेअरमन!"

मी धावत जाऊन दार लावलं. घाईघाईने दुसरं उदाहरण दिलं, "नाही हो, विरजण समजा. चमचाभर घातलं की पातेलंभर दुधाचं दही!"

समोरच्या बरणीत कॅटलिस्टचा पांढरा लगदा मुरत होता. दिसायला थेट दहीच! गेनूभाऊंनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आसं व्हय!" म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

*

चेअरमनना मात्र घाई होती. "डॉक्टर, ऊससुद्धा बारा म्हयन्यांत येतो. तुमचं पीक कधी?"

शेवटी अट पडली. कॅटलिस्टच्या लागोपाठ तीन बॅच सारख्या चालायला हव्यात. पाण्यात उपडी धरलेली बाटली दहा मिनिटांत वायूने भरली, तर बॅच पास. हंगाम संपेपर्यंत जमलं नाही, तर शेड बारदान ठेवायला द्यायची!

पहिली बॅच पास. दुसरी पास. तिसरीच्या वेळी गेनूभाऊ मुलीच्या साखरपुड्याला गावी गेले. बॅच मी एकट्याने केली आणि बाटलीत चार बुडबुडे आले. चारच!

*

मग माझ्या पायाला भिंगरी लागली. पाणी बदललं, बरण्या बदलल्या, भट्टी उघडून पुन्हा लावली. बॅच पुन्हा नापास! जेवताना उठायचो, शेडला फेऱ्या मारायचो. वजनकाट्यावरचा माणूस रोज बघायचा. एक दिवस न राहवून म्हणाला, "सायेब, काय हारवलंय का?"

"कारण हरवलंय!"

"कसलं हुतं? चामड्याचं?"

हसायला हवं होतं. मला रडू यायचं बाकी होतं.

*

गेनूभाऊ परतले. पुढची बॅच पास, त्याच्या पुढचीही. मी चक्रावलो. तिसरी, म्हणजे हंगामातली शेवटची, मी माझ्याच हाताने करायचं ठरवलं. "गेनूभाऊ, बरणीला हात लावायचा नाही!" ते दिवसभर दारात ताटकळले. दोनदा "सायेब, त्ये..." म्हणाले. दोन्हीदा मी खेकसलो.

आठ दिवसांनी चेअरमन स्वतः आले. मागे घड्याळ घेतलेला क्लार्क, आणि बाहेर बारदानाची गाडी उभीच! भट्टीतली नळी तापली. एक बुडबुडा. दुसरा. मग धारच लागली. बाटली आठव्या मिनिटाला भरली!

मी ओरडलोच, "बघा गेनूभाऊ! ही माझ्या एकट्याच्या हातची!"

गेनूभाऊ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. "व्हय सायेब. पन... तुमी चा प्यायला गेल्ते ना, तवा म्या मागच्या पास झालेल्या बरनीतलं चमचाभर टाकलं. दर बारीला टाकतो. तुमीच म्हन्ला हुतात, विरजन हाय म्हून! साखरपुड्याच्या घाईत सांगायचं ऱ्हाईलं, आन् त्या दिशी तुमी बोलू दिना."

मी बरणी उचलून गेनूभाऊंच्या हातात दिली.

चेअरमननी क्लार्ककडे मान वळवली. "ते बारदान दुसरीकडं ठिवा."