सुट्टेसाहेबांची बाजारपाहणी

टोलनाक्यावरच्या चौथ्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव पगार काढणाऱ्या कारकुनाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांचे ते सुट्टेसाहेब. मोठी नोट पुढे करणाऱ्याला ते अशा काही दुखावलेल्या चेहऱ्यानं "सुट्टे नाहीत का?" असं विचारत, की समोरचा माणूस ओशाळून सीटखाली हात घालायचा. वर्षानुवर्षं एकाच केबिनमध्ये बसून खिडकीकडचा त्यांचा हात उन्हानं रापला होता आणि दुसरा गोरापान राहिला होता. दोन वेगवेगळ्या भावांचे हात चुकून एकाच माणसाला बसवलेत, असं वाटे.

एके दिवशी सुपरवायझरनं सगळ्या खिडक्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, की वर्षअखेरीला केबिन उचलणार. यापुढे कॅमेरा गाडी ओळखेल, पैसे आपोआप कापले जातील आणि दांडा आपोआप वर जाईल.

"आणि आम्ही?" सुट्टेसाहेबांनी विचारलं.

"तुम्हीही आपोआपच," सुपरवायझर म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो हे कळून त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

सुट्टेसाहेबांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करी. बातमी ऐकून तिनं हाय खाल्ली नाही. तिनं भावाला फोन लावला. या भावानं आजवर इतक्या नोकऱ्या बदलल्या होत्या, की त्याच्या सल्ल्याला अनुभवाची मुळीच कमतरता नव्हती, असलीच तर यशाची होती. तो संध्याकाळी लॅपटॉप घेऊन हजर झाला आणि जेवणाच्या टेबलावर त्यानं रंगीत रेघा उघडल्या.

"भावजी, ही वर चाललीये ना, ती येत्या दहा वर्षांत वाढणाऱ्या नोकऱ्यांची. ही खाली आलीये ती बुडणाऱ्यांची."

"आणि मी कुठे?"

"तुम्ही..." मेहुण्यानं चष्मा पुसला. "तुम्ही सध्या या चित्रात येत नाही."

पण मेहुणा रिकाम्या हातानं आला नव्हता. शहरातल्या एका मोठ्या दुकानसंकुलाच्या पार्किंगमध्ये पावत्या फाडायची जागा होती. खुर्ची, पंखा, खिडकी. ओळखीतलं काम, मुलाखतही नाही. शनिवारपर्यंत होय म्हणायचं होतं.

"पण तिथेही उद्या कॅमेरा बसेल की," सुट्टेसाहेब म्हणाले.

"उद्याचं उद्या बघू," बायको म्हणाली. "तोवर पंखा तरी आहे."

खरं सांगायचं तर कॅमेऱ्यापेक्षा सुट्टेसाहेबांना खिडकीचीच धास्ती वाटत होती. इतकी वर्षं जग त्यांच्या समोरून कुठे ना कुठे जात होतं आणि ते तिथल्या तिथे. आता उठायची वेळ आलीच आहे तर उठून पुन्हा दुसऱ्या खिडकीत बसायचं, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एक विचार सुचला आणि तो इतका सोपा होता, की आधी का सुचला नाही याचीच त्यांना लाज वाटली. अख्खा नोकरीचा बाजार रोज आपल्या पुढ्यात येतो, काच खाली करतो आणि हात बाहेर काढतो. मग मेहुण्याच्या रेघा कशाला?

त्यांनी पाहणी सुरू केली. पावती देता देता एकच प्रश्न: "तुमची लाइन कशी आहे? आम्ही आलो तर चालेल?"

"काका, काहीही करा, पण शाळेत येऊ नका," शिक्षिकाबाई म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरांनी, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून आपली मान कायमची वाकडी झाली आहे, हे मान दाखवून सिद्ध केलं. ट्रकवाला नुसताच हसला, आणि ते हसणं काही बरं नव्हतं. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या तरुणानं तर उलट चौकशी केली, "तुमच्याकडे जागा आहे का?"

चौथ्या लेनमध्ये रांग वाढू लागली. सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेला.

"मग, काय निष्कर्ष?" रात्री बायकोनं विचारलं.

"कुठल्याच धंद्यात जाऊ नये."

"छान. म्हणजे पार्किंग."

पण सुट्टेसाहेबांनी पाहणी सोडली नाही, आणि हळूहळू त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. 'नका येऊ' म्हणणाऱ्यांत दोन जाती होत्या. एक जात एवढंच म्हणून काच वर करायची. त्यांचं खरं मानायला हरकत नव्हती. दुसरी जात मात्र रडगाणं गायला लागली की थांबायचीच नाही, आणि गाताना तिच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

या दुसऱ्या जातीत पहिला नंबर लागला तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा. वय तिशीच्या आसपास, छोटी व्हॅन, मागे अवजारांचा खडखडाट. "आमच्यात? वेड लागलंय का, काका?" म्हणून ती जी सुरू झाली! लिफ्टच्या खोलीत घरं करणारी कबुतरं. बटण जोरात दाबलं की लिफ्ट लवकर येते असं समजणारे रहिवासी. तुटलेल्या भागाला चिकटपट्टी लावून चालेल का, असं विचारणारे सेक्रेटरी. इमारती तर नुसत्या उगवतायत आणि शिकून टिकणारा माणूस मिळत नाही. मदतनीस येतो, जिने बघतो आणि पळतो. मागे हॉर्न वाजायला लागले. सुपरवायझर तरातरा येताना दिसला.

"एकदा येऊन बघू का, ताई?" सुट्टेसाहेबांनी घाईघाईनं विचारलं.

"या की. जिने चढता येतात का?"

"येतात," असं ते ठामपणे म्हणाले. त्याला पुरावा काहीच नव्हता.

शुक्रवारी त्यांची सुट्टी होती. लिफ्टवाली त्यांना ज्या इमारतीत घेऊन गेली, तिथे लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत एक वकीलबाई होत्या. त्या आतूनच सगळ्यांवर खटले भरत होत्या. सुट्टेसाहेब धापा टाकत सहाव्या मजल्यावर पोचले आणि जाळीला तोंड लावून सवयीनं बोलून गेले, "मॅडम, तुमच्या पुढे कोणी नाही. तुमचाच नंबर आहे."

आतले खटले थांबले. मग वकीलबाई हसल्या. त्यांचं एवढं हसू ऐकून घेऊन लिफ्टवाली म्हणाली, "बोलणं झालं. आता गच्चीवर चला."

वरच्या खोलीत तिनं वीज बंद केली, ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला आणि सुट्टेसाहेबांना लिफ्ट हातानं वर घ्यायच्या एका मोठ्या चाकापाशी उभं केलं. "मी सोडते तेवढंच फिरवायचं. थांब म्हटलं की थांबायचं. शहाणपणा नाही." त्यांनी फिरवलं. चाक जड होतं, हातांना ग्रीस लागलं, बोट दोनदा चिमटलं, आणि खाली कुठेतरी एक वकीलबाई इंचाइंचानं वर येऊ लागल्या.

त्या बाहेर पडल्यावर लिफ्टवालीनं जेवणाचा डबा उघडला. "वर्षभर मदतनीस. पैसे टोलपेक्षा कमी. मग परीक्षा. आणि मी तुम्हाला काका म्हणणार नाही."

"का बरं?"

"काका म्हटलं की ओरडता येत नाही."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कमी पैसे, जिने आणि ओरडा, यांतलं काहीही लपवलं नाही. चाकाबद्दल मात्र ते बराच वेळ बोलत राहिले.

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. एखाद्याच्या दंडावर शीर सापडत नसली की ती असंच बघायची, आधी डोळ्यांनी, मग बोटानं दाबून.

"पाय किती दुखतायत?"

"खूप."

"तरी जायचंय?"

"हो."

"मग शनिवारची वाट कशाला बघायची? लावा फोन. आणि तुम्हीच बोला, मी नाही."

सुट्टेसाहेबांनी फोन लावला. पलीकडून मेहुणा बोलत राहिला: स्थैर्य, वय, गुडघे, पंखा. सुट्टेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या धडपडीबद्दल मनापासून आभार मानले आणि ती जागा नको म्हणून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज कापला नाही.

फोन ठेवेपर्यंत बायकोनं आपल्या कामाच्या पिशवीतून कापूस आणि स्पिरिट काढलं होतं. तिनं त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला आणि चिमटलेल्या बोटावरचं ग्रीस पुसायला लागली.

"झोंबतंय?"

"थोडं."

"उद्या जास्त दुखेल," ती म्हणाली आणि दुसरा हात मागितला.