खोडलेली ओळ

गडचिरोलीच्या समाजकल्याण कचेरीत ती बाकावर कधी बसली नाही. तळ्यातली मासोळी विकणारी सिंदेवाहीकडची बाई ती, दाराशी उकिडवी बसायची. तिथून आत-बाहेर जाणारी प्रत्येक फाइल दिसते. बातमीसाठी गेलो की विचारायची, "भाऊ, माहं छापून राह्यले का नाई?" आणि स्वतःच हसायची.

तिची वीस वर्षांची बौद्धिक दिव्यांग लेक निवासी संस्थेत राहते. संस्थेने तिच्या फाइलमध्ये 'स्वतःच्या हाताने जेवत नाही' अशी ओळ लिहून भरवणाऱ्या बाईचं जादा शुल्क लावलं. ते भरलं नाही तर लेकीला घरी न्यावं लागणार होतं, आणि आई पहाटेपासून तळ्यावर असते.

तिच्या तक्रारीवरच्या सुनावणीला ती लेक आणि डबा घेऊन आली.

"बाई, ही जेवायची जागा आहे का?" संस्थेचे व्यवस्थापक म्हणाले.

"तुमच्या इथी जेवत नाई म्हणता, मंग कुठी दाखवू?"

डब्यात भात आणि बारीक काट्यांची मासोळी होती. लेकीने एकेक काटा काढून झाकणात ठेवला आणि सावकाश सगळं संपवलं.

"तिले वेळ लागते, साहेब. यांच्या भरवणाऱ्या बाईले घाई असते."

अधिकाऱ्यांनी शुल्क रद्द केलं. ती उठली नाही.

"ते ओळ बी खोडा."

"शुल्क गेलं ना, बाई?"

"शुल्क माह्यावर होतं. ओळ तिच्यावर आहे."

ओळ खोडली गेली. तिला वाचता येत नाही. "कुठी होती, भाऊ?" तिने मला विचारलं. मी बोट ठेवलं. शाईची रेघ तिने टोकापर्यंत पाहिली, मग डबा धुवायला नळाकडे गेली.