ओक-बुनबाईंची दोन वर्षं

दक्षिण कोरियात गोहुंगच्या समुद्राकाठी एक लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथे ओक-बुनबाई तीसेक वर्षं दर रविवारी न चुकता हजर असायच्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकही उपदेश धड ऐकलेला नव्हता. त्याचा त्यांना पश्चात्ताप वगैरे मुळीच नव्हता. उपासना पुढे प्रार्थनामंदिरात चालायची आणि बाई मागच्या स्वयंपाकघरात असायच्या. तिथे भिंतीवर एक लाउडस्पीकर लावलेला होता. पण पाळकसाहेब बोलायला लागले की साराची उकळी ऐकू येत नाही, म्हणून बाईंनी त्याचा आवाज पार कमी करून ठेवला होता. या काळात चार पाळक आले. त्यांच्यातला फरक बाईंच्या लेखी एवढाच, की पहिले दोनदा भात घ्यायचे, दुसऱ्यांना किमची तिखट लागायची आणि तिसऱ्यांच्या पोटाचं काही खरं नव्हतं.

चौथे, म्हणजे सध्याचे, वयाने तरुण होते पण लवकर शहाणे झाले. उपदेश लांबला की मागून झाकणं आपटल्याचा आवाज यायचा. पहिल्या रविवारी त्यांना वाटलं, मांजर शिरलं. दुसऱ्या रविवारपासून झाकणं वाजली की ते ‘तर शेवटी’ म्हणू लागले. लोक म्हणायचे, पाळकसाहेबांना बोलायला लावतो पवित्र आत्मा आणि थांबायला लावतात क्वोन्साबाई.

क्वोन्सा हा मंडळीतल्या थोरल्या बायकांना मिळणारा मान. एकदा तो मिळाला की आजाऱ्यांना भेटावं, दुःखी माणसाजवळ बसावं, प्रार्थना करावी, अशी अपेक्षा असते. ओक-बुनबाई आजाऱ्याकडे जायच्या, नाही असं नाही, पण डबा घेऊन. प्रार्थना दारातच उरकायची. ‘हे देवबापा, हिला बरं कर, आणि गरम आहे तोवर चार घास खाऊ दे. आमेन.’ बसायला सांगितलं तर म्हणायच्या, ‘बसून कसं चालेल?’ नवरा गेल्यावर मुलांनी त्यांना ग्वांगजू शहरात नेलं होतं. तिथे सुनेने त्यांना दोन दिवस सोफ्यावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाई पहिल्या बसने परत आल्या.

तर अशा या बाईंवर त्या हिवाळ्यात निवृत्तीची वेळ आली. मंडळीचा नियम साफ आहे. सत्तरी गाठली की पद सोडायचं, मग तो पाळक असो, पंच असो की क्वोन्सा. नाताळ झाला की शेवटच्या रविवारी निरोपसमारंभ व्हायचा होता. मानपत्र तयार होतं, भेटीची रजई घेऊन झाली होती, आणि बाईंच्या जागी मि-रानचं नाव ठरलं होतं. मि-रान म्हणजे सोलहून नवऱ्यासोबत गावी परतलेली, पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. गोड स्वभावाची होती. पण ती मीठ चमच्याने मोजते, एवढं एकच कारण ओक-बुनबाईंना तिच्याविषयी शंका घ्यायला पुरेसं होतं.

पंच प्यो यांनी समारंभाची माहिती द्यायला म्हणून स्वयंपाकघरात डोकं घातलं. प्यो पोस्टातून निवृत्त झालेले होते. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र आणि नियमाबाहेर गेलेला माणूस, दोन्ही त्यांना सहन व्हायचं नाही.

‘क्वोन्साबाई, एकतीस तारखेला जरा चांगले कपडे घालून या हं.’

‘कोणाचं लग्न आहे?’

‘तुमची निवृत्ती. सत्तरी झाली ना!’

बाईंनी पळी खाली ठेवली. ‘कोणाची सत्तरी? मी अडुसष्ट वर्षांची आहे.’

‘सरकारी कागदावर सत्तर आहे.’

‘कागदावर माझी बहीण आहे,’ बाई म्हणाल्या. ‘मी नाही.’

हे खरं होतं आणि बाईंनी ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. तिचं नाव ओक-बुन. सरकारदरबारी तिची नोंद झाली, पण वर्षाच्या आत गोवराने ती गेली. लढाई नुकतीच संपलेली. मेलेल्या तान्ह्या मुलीचं नाव काढायला तालुक्याला कोण जाणार? दोन वर्षांनी ही झाली तेव्हा बापाने सरळ हिशेब केला, नाव तयार आहे, नोंद तयार आहे, पोरही मुलगीच आहे. तेव्हापासून या ओक-बुनबाई थोरलीच्या नावावर शाळेत गेल्या, लग्न करून सासरी आल्या, बाप्तिस्मा घेतला. कधी कधी त्यांच्या मनात येई, शेवटच्या दिवशी प्रभूने ‘ओक-बुन’ म्हणून हाक मारली आणि दोघी उभ्या राहिल्या तर?

बाईंनी बहिणीची गोष्ट पंच प्यो यांना चार वाक्यांत सांगून टाकली. मग ते पुरते आत आले. ‘साक्षीदार लागेल,’ ते म्हणाले. ‘असं कोणीही उठून वय कमी करायला लागलं तर कसं होणार?’

‘आत्ताच सरकारने नाही का सगळ्या देशाचं वय कमी केलं? तेव्हा नाही कोणी साक्षीदार मागितला!’

‘ती मोजायची पद्धत बदलली, क्वोन्साबाई. पूर्वी पोर जन्मतःच एक वर्षाचं धरायचे, आता नाही धरत. आणि आपल्या नियमात तुमचं वय आधीपासून या नव्याच पद्धतीने धरलंय.’

‘मग साक्षीदार आणते,’ असं बाई तावातावाने बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांना वाटलं, उगाच बोलले. कारण त्या काळचं, त्यांच्या माहेरच्या गावचं, आणि अजून जिवंत असलेलं माणूस एकच होतं. ते म्हणजे क्वी-दोकआजी. आणि क्वी-दोकआजींशी बाईंचा अबोला होता. काही वर्षांपूर्वी आजींनी भर पंगतीत ‘आज सार जरा पाणचट झालंय’ असं म्हटलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

तरी बाई गेल्या. न जाऊन करतात काय! स्वयंपाकघर हातातून जाणार म्हणजे काय जाणार, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत होतं. आई त्यांना लहानपणी दळताना, निवडताना सारखं म्हणायची, ‘तू दोघींचं जगतेस गं, तेव्हा दोघींचं काम कर.’ बाईंनी ते जन्मभर केलं. आता काम काढून घेतल्यावर देवापुढे रिकाम्या हातांनी जाऊन बसायचं, तर तोंड काय दाखवायचं? त्यांना याची खरोखर भीती वाटत होती.

क्वी-दोकआजी उन्हात बसून युजूची लिंबासारखी फळं पुसत होत्या. शहाऐंशी वर्षांच्या. नजर अधू, जीभ मात्र ठणठणीत.

‘कोण आलं?’

‘मी आहे, ताई. ओक-बुन.’

‘कोणती ओक-बुन? मला एक ओळखीची होती, पण ती माझ्याशी बोलत नाही.’

‘आता आले ना बोलायला.’

‘सार घट्ट झालं वाटतं?’

बाईंनी ओठ आवळले, डबा पुढे ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली. आजींनी फळ पुसता पुसता ऐकून घेतली.

‘मला ठाऊक आहे की. दोघींच्या जन्माच्या वेळी मी होते,’ त्या म्हणाल्या. ‘येईन मी पंचांसमोर. पण फुकट नाही हं.’

‘काय हवंय? किमची भरून देते. मोठी बरणी.’

‘किमची माझी सून आणते दुकानातून. वाईट असते, पण मी खाते. मला काय हवंय, सांगू? येत्या रविवारी माझ्या शेजारी येऊन बस. पहिल्या गीतापासून शेवटच्या आमेनपर्यंत. मध्ये उठायचं नाही.’

‘ताई, आणि जेवण?’

‘ते मि-रान बघेल.’

‘ती मीठ मोजते!’

‘मोजू दे. तीस वर्षं तू माझ्या पुढ्यात ताट ठेवतेस. ठेवलं की पाठ फिरवून चाललीस. मला तुझी पाठ चांगली ओळखू येते, ओक-बुन. एकदा शेजारी बसलीस तर काय बिघडेल?’

सौदा महाग होता, पण दोन वर्षं पदरात पडत होती. बाईंनी मान हलवली.

रविवारी बाई पहाटेच येऊन सगळं मांडून गेल्या. मुळ्याचा वाळवलेला पाला भिजवून ठेवला, सारासाठी आंबवलेलं सोयाबीन काढून ठेवलं, आणि मि-रानला इतक्या सूचना दिल्या की ती बिचारी शेवटी म्हणाली, ‘मावशी, देवाची शपथ, मी चाळीस माणसांचं जेवण याआधी केलंय.’ बाई म्हणाल्या, ‘देवाची शपथ घेऊ नकोस, पातेल्याकडे बघ.’

मग त्या तिसऱ्या बाकावर क्वी-दोकआजींच्या शेजारी जाऊन बसल्या. मंडळीत कुजबुज झाली. वेदीपुढून पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नको इतकं हसले. आज झाकणं वाजणार नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

गीतं झाली, शास्त्रपाठ झाला. बाईंना हातांचं काय करावं ते कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग बाकाखाली ठेवले, मग पुढच्या माणसाच्या कोटावरचा धागा काढला. आजींनी एक हात धरून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा ठेवला. थोड्या वेळाने त्यांचं डोकं बाईंच्या खांद्यावर कललं. उपदेश ऐकायला म्हणून बोलावणारी बाई स्वतःच झोपली होती.

पाळकसाहेब रंगात आले होते. पहिला मुद्दा संपून दुसरा आला, दुसऱ्यातून तिसरा निघाला. आणि तिसऱ्याच्या मध्यावर मागच्या दाराखालून वास आला.

सार खाली लागलं होतं.

बाईंना तो वास सगळ्यांच्या आधी आला. मग हळूहळू बाकांवरची नाकं हलायला लागली. एकेक मान वळली आणि सगळ्यांनी पाहिलं, ते मागच्या दाराकडे नाही, ओक-बुनबाईंकडे. पंच प्यो यांनीसुद्धा. पाळकसाहेब वाक्याच्या मधोमध थबकले. बाईंचे पाय आपोआप ताठ झाले. उठून दहा पावलं गेलं, गॅस बंद केला, पातेलं दुसऱ्या भांड्यात ओतलं, की अजून वाचवता आलं असतं. त्यांनी खांदा जरासा हलवला.

‘बस,’ डोळे न उघडता आजी म्हणाल्या.

‘ताई, लागलंय.’

‘लागू दे.’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, ते त्यांना तेव्हा कळलं नाही. पण त्या बसून राहिल्या. मागे मि-रानची धावपळ ऐकू आली, खिडकी उघडल्याचा आवाज आला. पाळकसाहेबांनी घाईघाईने ‘तर शेवटी’ म्हटलं. ओक-बुनबाईंनी आमेन म्हटलं, ते इतरांच्या मागून, आणि बरंच हळू.

जेवायच्या खोलीत पहिल्यांदाच बाई मांडलेल्या ताटासमोर बसल्या. मि-रानने लाल डोळ्यांनी सार वाढलं. ते करपट लागत होतं, पण सगळ्यांनी ते खाल्लं. बाईंनीही दोन घोट घेतले आणि नावं ठेवली नाहीत, याचं लोकांना जास्त नवल वाटलं. जेवणं होत आली तेव्हा पंच प्यो पेन आणि कागद घेऊन आले.

‘हं, आजी. सांगा. या क्वोन्साबाई कोणत्या सालच्या?’

‘ही दुसरी,’ क्वी-दोकआजी म्हणाल्या. ‘पहिलीच्या जन्मानंतर दोन वर्षांनी झालेली. अडुसष्ट वर्षांची आहे. लिहा.’

‘नक्की?’

‘पहिलीला मी पाठीशी बांधून हिंडवलीय. मी सोळा वर्षांची होते. हिची आई शेतावर जायची, पोर माझ्याकडे.’ आजींनी ओठ पुसले. ‘काय पोर होती! काही म्हणजे काही करायची नाही. रांगली नाही, बोलली नाही. नुसती खांद्यावर झोपायची आणि लाळ गाळायची. घराला तिचा कवडीचा उपयोग नव्हता.’

आजूबाजूचे हसले.

‘आणि ती गेली तेव्हा हिची आई तीन दिवस दारातून उठली नाही. पुढे तू झालीस, ओक-बुन, पाच वर्षांची नाहीस तर भात रांधायला लागलीस. तरी आई त्या बिनकामाच्या पोरीसाठी मरेपर्यंत रडायची. तुला वाटायचं, तू कमी काम करतेस म्हणून रडते.’

ओक-बुनबाईंनी चमचा खाली ठेवला. ‘तुम्हाला कोणी सांगितलं, मला काय वाटायचं ते?’

‘तुझ्या पाठीने सांगितलं. दुसरं कोण सांगणार?’ आजी म्हणाल्या. ‘तिला जीव लावायला कोणाला काही कारण लागलं नव्हतं गं. तुलाही लावायला लागलं नसतं. तू कधी थांबलीच नाहीस, तर लावायचा कधी?’

बाई रडल्या, आणि ते लपवायला हाताशी काही काम नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर रडल्या. मि-रानने त्यांच्यापुढे रुमाल ठेवला आणि बाईंनी तो घेतला.

पंच प्यो घसा खाकरून म्हणाले, ‘तर साक्ष पटली. नियमाने क्वोन्साबाईंची अजून दोन वर्षं आहेत. स्वयंपाकघर त्यांच्याकडेच ठेवायचं का, तेवढं सांगा. कागदावर लिहायला हवं.’

आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला होता. खरवडायचं पातेलं मोठं होतं आणि मि-रान एकटीच होती. सगळ्यांना वाटलं, बाई आता उठतील.

‘थांबा हो जरा, पंचसाहेब,’ ओक-बुनबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची क्वी-दोकआजींच्या जवळ ओढली. ‘ताई, मला त्या पहिलीबद्दल सांगा ना. ती हसायची का?’