चुलीवरच्या काड्या

रामनगरच्या स्टँडवर आंब्याची पाच विकतची रोपं कवेत घेऊन मी उभा होतो आणि मनातल्या मनात भांडत होतो. कुणाशी ते ठरत नव्हतं. श्रावणात कुंभारवाड्याला आत्तीच्या (आत्याच्या) परड्यात मी स्वतःच्या हातानं पाच कलमं बांधली होती. परवा तिचा फोन आला, "पाचीबी काळी पडली रे."

तिच्या गोठ्यामागं मिडीचा (लोणच्याच्या कोवळ्या कैरीचा) जुना आंबा आहे. यंदा वाऱ्यानं तो उभा चिरला. एकच फांदी जिवंत, तीही गोठ्यावर कललेली. दसरा झाला की झाड तोडायचं ठरलंय. त्याआधी कलम धरलं नाही तर ती कैरी संपली. आमच्या घरचं लोणचंही संपलं.

रोपवाटिकेवाल्याला विचारलं. तो नाकातून बोलतो. "कलम मेलं? उपटायचं! नवीन घ्यायचं!" सर्दी घेऊन गेलो असतो तर डोकं बदला म्हणाला असता. आणि मी गाढव, घेतली की नवीन!

कंडक्टरनं रोपांकडं बघितलं. "ही पाचजणं बसून जाणार काय उभ्यानं?"

"उभ्यानं. लहान हायत."

जोयड्यात पोचलो तर कुंभारवाड्याची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची कधी, विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "येती तवा येती." जंगलातल्या माणसांनी काय उडत जायचं? चिडून दोन बन्स (केळ्याच्या गोड पुऱ्या) खाल्ले. चिडूनच तिसरा.

दुपारी पोचलो तो थेट परड्यात. खरंच, पाचही कलमांचा वरचा भाग काळा ठिक्कर. मी पहिलं रोप धरलं आणि उपटायला लागलो. आत्तीनं मनगटावर चापट मारली.

"हात काढ, मुडद्या! कोनाला (इकडच्या मोठ्या कंदाला) कुज लागली तर आमी कुजकं तेवढं कापतो, राख लावतो, परत लावतो. सगळं फेकलं तर खायचं काय, तुझं डोस्कं?"

मी नखानं साल खरवडली. बांधल्या जागेच्या वर तपकिरी. खाली हिरवीगार! आणि खालून तांबूस फुटवे आलेले. मेली होती ती वर बांधलेली, जुन्या आंब्याची वीतभर काडी. खालचं रोप ठणठणीत होतं, आणि त्याला मी उपटायला आलो होतो. नाकातून बोलणाऱ्या त्या माणसाचा असा संताप आला म्हणता!

पण काड्या मेल्या कशानं? ते जेवताना कळलं. पेज आणि मिडीचं लोणचं पुढ्यात होतं. सहज वर बघितलं. चुलीवर, धुरात, काकडीचं बी आणि मक्याची कणसं टांगलेली, आणि शेजारी सुतळीनं बांधलेली एक जुडी.

"आत्ती, हे काय?"

"तुझ्याच काड्या, उरल्याल्या."

श्रावणात मी काड्या कापल्या आणि पाऊस इतका लागला की कलमं दुसऱ्या दिवशी बांधली. मधल्या वेळात काड्या आत्तीकडं होत्या. देताना मी रोपवाटिकेवाल्याची नक्कल करत तिला बजावलं होतं.

"तूच म्हणालास न्हवं," आत्तीनं नाकातून आवाज काढला, "'काड्या जिवापाड जपायच्या!' मग घरात जपायची जागा ती एकच. उंदीर न्हाई, कीड न्हाई."

"अगं, बी वाळवतात! काडी ओली ठेवायची असती!" मी ओरडलो.

"व्हय? मग तसं बोलायला तोंड न्हवतं? नकला करायला बरं सुटतंय!"

एवढा राग रामनगरहून वाहून आणला होता. तो शेवटी माझ्याच गळ्यात पडला.

उठलो. चाकू उकळत्या पाण्यातून काढला. काळं पडलेलं सगळं हिरवं लागेपर्यंत कापलं. प्रत्येक रोपावर एकच सरळ फुटवा ठेवला, बाकीचे खुडले. तिघांचे फुटवे जाड होते. दोघांचे बारीक, ते वाढायला सोडले. मग चिरलेल्या आंब्याच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि तिथल्या तिथं तीन कलमं बांधली. ओल टिकावी म्हणून वर बर्फाच्या कांडीच्या पिशव्यांच्या टोप्या. आत्तीनं काडी मागितली तेव्हा मी हात मागं घेतला. ती हसून लोळायची बाकी होती.

परतीला तोच कंडक्टर. "परत आणली?"

"सासरी नांदली न्हाईत."

खिडकीतून जंगल मागं जात होतं. मांडीवर पाच निर्दोष रोपं. वीतभर काडीसाठी अख्खं झाड उपटा म्हणणाऱ्यावर राग होताच. पण आपण ज्याची नक्कल करतो, त्याचं डोकंही थोडं आपल्यात शिरतं काय, याची जास्त भीती वाटत होती.

दसऱ्याच्या आधी आत्तीचा फोन आला. "दोन धरली. पालवी आली." मग नाकातून, "एक मेलं! उपटायचं? नवीन घ्यायचं?"

"आत्ती, काळं तेवढं काप..."

"कवाच कापलंय. राखबी लावली. तू ये, फांदी हाय तवर."