लॉक लावल्यावर मागितलेली मेमरी

मारेगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगात माझं मशीन पहिल्याच सकाळी बंद पडलं, आणि चूक माझीच होती. कापसातला ओलावा मोजणारं ते यंत्र. संगणकाशी त्याचं बोलणं घडवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी सहा महिने दारव्ह्यात घरी बसून लिहिला होता. घरी तो एकदाही अडकला नाही. इथे कापसाच्या चौथ्याच गाडीला संगणकाचा पडदा गोठला.

गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. पुढच्या गाडीवरचा म्हातारा म्हणाला, "काय साहेब, मशीन झोपली काय तुमची?"

"पाहून राह्यलो, काका."

"पाहा, पाहा. आमी कुठी जातो!"

जिनिंगवाले शेठ मात्र थांबणारे नव्हते. "चार वाजेपर्यंत चाललं तं ठेवतो. नाही तं घरी घेऊन जा. मुठीत कापूस दाबला की ओलावा समजते आमाले."

समजत असेल, पण ओलाव्यावर भाव ठरतो, आणि शेठच्या मुठीवर म्हाताऱ्यासारख्या शेतकऱ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून तर यंत्र आणलं होतं. ठरवलं, हे घरी न्यायचं नाही.

पोत्यावर बसून ओळ न् ओळ वाचली. आकड्यांना प्रोग्रामच्या दोन भागांनी एकदम हात लावू नये म्हणून मी लॉक लावला होता. ते ठीक. पण लॉक हातात धरूनच मी ऑपरेटिंग सिस्टिमकडे मेमरी मागत होतो, तीही 'नसेल तर थांबतो' म्हणत. घरच्या संगणकात मेमरी मोप, मागितली की मिळे. इथला संगणक जुना. मेमरी संपली की ड्रायव्हर लॉकसकट झोपी जाई, आणि लॉकची वाट पाहणारे बाकीचे भाग 'झालं का, झालं का' करत सगळा संगणक अडवून धरत. म्हातारा बरोबरच बोलला होता. असं करू नये, हे मी नवख्यांना आवाज चढवून शिकवतो!

मेमरी आधी, लॉक नंतर, असा क्रम बदलला. मग मुद्दाम संगणकाची मेमरी भरून चालवून पाहिलं. पुन्हा अडकलं. आणखी एका ठिकाणी मी तेच करून ठेवलं होतं. तेही बदललं. साडेतीनला म्हाताऱ्याच्या कापसाचा आकडा आला, त्याने तो वाकून दोनदा पाहिला, आणि रांग हलली.

घरी हातवारे करकरून सगळं सांगितलं. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती.

"यात नवीन काय हाय?" ती म्हणाली. "तुमी आंघोळीले जाता, आतून कडी लावता, अन् मंग वरडता, टावेल दे म्हणून. तुमी आत साबणानं आंधळे, मी बाहेर टावेल घेऊन उभी, अन् सारं घर माह्या मागं रांगेत. ते कधी दुरुस्त करता?"