बर्नार्ड आणि माझ्या देवघरातल्या पिसवा

बर्नार्डबद्दल लिहायचं तर आधी माझा खोटेपणा लिहावा लागेल.

बर्नार्ड बासष्ट वर्षांचा. बोरिवलीत आमच्या सोसायटीमागे जुनं गावठाण आहे, तिथला ख्रिस्ती. आजोबांची भातशेती होती. तिच्यावर आज आमची इमारत उभी आहे. तो कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर कुत्री फिरवू लागला. आमच्याकडची पाच, त्यांत माझा बंड्या. कुत्र्यांना अहो-जाहो करायचा. "चला साहेब, उशीर होतोय."

यंदा बंड्याला पिसवा झाल्या. डॉक्टरांचं औषध मी दर महिन्याला मानेवर घालत होते, तरी आठवड्यात पुन्हा खाजवाखाजवी. बर्नार्डला दारातच धरलं. दारातच, कारण सात वर्षांत त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"मच्छी बाजारातल्या कुत्र्यांत नेतोस ना रे याला?"

"नाय हो मॅडम. तो झोपतो कुठं ते बघा ना. पिसवा घरात पण असतात."

बंड्या झोपतो देव्हाऱ्याखालच्या सतरंजीवर. तिथे मी वनमालाला, आमच्या कामवालीला, झाडू लावू देत नाही. कुत्रा चालतो, वनमालाचा झाडू चालत नाही. असलं आमचं सोवळं! जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं मी. आणि माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणजे ती सतरंजी वर्षभर कोणीच झटकली नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरी मासे खाणारा माणूस मला माझं देवघर शिकवतो, हे डोक्यात गेलं.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बर्नार्डमुळे पिसवा येतात. आपापलं बघा.’ चार दिवसांत त्याची पाचही घरं सुटली.

पिसवा राहिल्या.

शेवटी डॉक्टर घरी आले. सतरंजी पांढऱ्या कागदावर झटकली. "आजी, अंडी इथे आहेत. कुत्र्यावरच्या मरतात, इथून नव्या चढतात. ही गरम पाण्यात धुवा, कोपरा रोज झाडा, औषध चालू ठेवा."

त्याच संध्याकाळी गावठाणात गेले. दारात त्याची बायको विनी.

"आता आलात?" म्हणाली, पण आत नेऊन खुर्ची दिली. त्या खुर्चीवर मला बसवेना.

"चुकलं माझं, बर्नार्ड."

"ग्रुपवर लिहिलंत?"

"घरी जाऊन लिहिते ना."

"इथंच लिहा."

मी लिहिलं, ‘बर्नार्डबद्दल गैरसमज झाला होता.’ वाचून दाखवलं.

विनी हसली. "गैरसमज काय, सर्दीसारखा कोणाला पण होतो."

"देवघर लिहा, मॅडम," बर्नार्ड म्हणाला. "नायतर लोक बोलतील, म्हातारीला दया आली."

‘देवघर’ हा शब्द दोनदा लिहून पुसला मी. पण लिहिलं, ‘पिसवा माझ्या देवघरात होत्या. तिथे मी झाडू लावू देत नाही. बर्नार्डने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’ डोळे मिटून पाठवलं.

दोन घरांनी त्याला परत बोलावलं, दोघांनी नाही. माझ्याकडे यायला तो नाही म्हणाला. रस्त्यात भेटला की एवढंच विचारतो, "गेल्या का पिसवा?"

"गेल्या," मी म्हणते. आणखी काही बोलावं, तोवर तो पुढे गेलेला असतो.